खालच्या वाटेचे दगड

— तसं न्हाई सर, खालची वाट जवळची दिसती, पर तिकडनं न्हाई जायचं. आधी बसा. त्या पोत्यावर बसा, कोरडं हाय. पाणी घ्या. घोट घोट घ्या, उन्हातनं आलात, एकदम प्यालात तर पोटात दुखंल. फाट्यापासनं चालत आलात म्हंजे दीड कोस झालं. उदगीरच्या येष्टीतनं उतरला असाल आन् तिथल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं असंल, सोंडेवर शिवकांताबाई हाय, झाडाला पाणी घालत असंल, तिला इचारा. सांगितलं ना? सगळ्याला तसंच सांगतो. सगळ्याला म्हंजे कोणाला — पाऊस गेल्यापासनं हितं येतंय कोण. मागं मोजणीवाले आलते, त्येच्या आधी एक म्हातारा पाखरं बघायला आलता, त्यानं दिवसभरात चार बगळे बघितले आन् गेला. आन् आता तुम्ही. लातूरच्या कालिजातनं. चाळीस पोरंपोरी घेऊन आइतवारी येणार म्हणता. पदभ्रमण — म्हंजे चालणंच ना? नाव मोठं हाय. आमी जलमभर तेच करून राहिलो, कोणी नाव सांगितलं न्हाई.

या की, न्हाई कोण म्हणतंय. जागा बघण्यासारखी हाय. डोंगराची सोंड हाय ही, थेट तळ्यात शिरलेली — तिन्ही अंगानं पाणी आन् चौथ्या अंगानं तुम्ही आलात ती खिंड. म्हंजे पाणी असतंय तवा पाणी. आता तिसरं वर्ष कोरडं, पाणी सरकत सरकत पार टोकाच्या पल्याड गेलं, ते चकाकतंय ना, तेवढंच. बाकी गाळ. मधी जी रांग दिसती ती आमच्या जुन्या गावची भिंत. धरण झालं तवा गाव वर आलं. मी नवी नवरी व्हते, चूल मांडली आन् महिन्यात उचलली. आता पाणी हटलं तसं गाव पुन्हा उघडं पडलं — मारुतीच्या पायऱ्या दिसतेत, आमचा उंबरा दिसतो. पहिल्या वर्षी लोक बघायला गेलते. आता जात न्हाईत. रोज दिसायला लागलं की काय बघायचं. आन् तो पलीकडचा काठ, तो पहिल्यानं उस्मानाबादेत व्हता, नवा जिल्हा झाला तवा तुमच्या लातुरात आला. आमी हितं नांदेडातच. काठाला कायच कळलं न्हाई, तिथंच हाय तो.

तर पोरांला वरनं न्या. सांगते, लिहून घ्या. हितनं निघालं की डाव्या हाताला सुबाभळीची लावण हाय, आमीच लावलेली, निम्मी वाळली. ती संपली की जुनं रान लागतंय — धावडा, खैर, सीताफळीच्या जाळ्या. पानं झडलीत म्हणून रान उघडं हाय, पर पळस फुललाय, पोरींला आवडंल. खैराखाली काटा हाय, चप्पल घालून येणाऱ्याला बूट घालून यायला सांगा. मंग चढ हाय, दमायचा चढ न्हाई, आमच्या म्हाताऱ्या चढतेत. माथ्यावर मोठा सपाट खडक हाय, त्याच्या खळग्यात मोर पाणी प्यायचे. खळगा आता कोरडा हाय. मोर अजून येतेत, वाकून बघतेत आन् जातेत, सवय. त्या खडकावरनं तिन्ही अंगं दिसतेत. तिथं पोरांला बसवा, भाकरी खाऊ द्या, गाणी म्हणू द्या, आन् त्याच वाटेनं माघारी या. जायला दोन तास, यायला दीड. झालं तुमचं पदभ्रमण.

काय? — गोल फिरायचंय. जायचं रानातनं आन् यायचं काठानं. आलेल्या वाटेनं माघारी यायला पोरं कटाळतेत — हाव, ते बरोबर हाय. पर काठाला साप हायत सर, उन्हाळ्यात साप पाण्याकडं — बरं, साप रानातबी हायत. तसं बघितलं तर रानातच जास्ती. मंग आसं समजा, खालनं जायला जंगल खात्याची परवानगी लागती. आणली? दाखवा. मला वाचता येत न्हाई, पर शिक्का दिसतोय. दोन्ही वाटा लिहिल्यात का? बरं. लिहिणाऱ्यानं हापिसात बसून लिहिल्या, त्याचे पाय थोडेच भरले. मंग आसं समजा, काठानं सावली न्हाई, ऊन लागतंय. — टोप्या हायत. चाळीस टोप्या हायत तुमच्याकडं. तुम्ही लई तयारीचं माणूस दिसता.

दगड. हाव, दिसणारच की, पांढरे हायत. तुम्ही म्हणून राहिलात की खिंडीतनं खाली बघितलं तर वाट आखलेली हाय, दगडाला चुना हाय, मंग भ्यायचं काय. बरोबर बोलता. चुना लावलेल्या दगडावर माणूस भरोसा ठेवतंयच. त्याच्यासाठीच तर चुना लावतेत. सव्वीस हायत ते दगड. वीस आन् सहा. वॉचरनं टाकलेत, हाव, हापिसात तसंच सांगितलं असंल. वॉचर म्हंजे आमचे मालक. सिद्धराम वॉचर म्हणायचे सगळे — मी नाव घेत न्हाई, लोक म्हणायचे ते सांगते. त्याच वाटेवर गेले ते. गेले म्हंजे मेले. मागल्या चैतात. तेबी सांगितलं का हापिसात? गाळात फसून. बरोबर सांगितलं. मालूम असून तुम्ही — अस्सं, आता वर्ष झालं, वाळलं असंल म्हणले. वाळलंय की. वरनं वाळलंय. पापडी आलीय, पाय टाकला की कुरकुर वाजती. खाली काय हाय ते खालीच मालूम. मागच्या महिन्यात गुंडप्पाची म्हैस पोटापातूर गेली, सात माणसांनी दोर लावून वढली. गुंडप्पा म्हंजे आमचा चुलत दीर. त्याच्या शेळ्याबी हायत, पन्नासेक. त्या रोज जातेत तिकडं. शेळ्या कवाच फसत न्हाईत.

आसं बघू नका माझ्याकडं. मला कायच वाटत न्हाई, खरंच सांगते. पहिल्यानं लोक म्हणले, बाई रडली न्हाई, धक्का बसलाय, चार दिवसांनी रडंल. चार दिवस झाले, महिना झाला. मंग म्हणले, काळीज दगडाचं हाय हिचं. म्हणू द्या. सकाळी उठते, भाकरी थापते, खाते, हितं येते, रोपांला पाणी घालते — त्येंच्या जागी खात्यानं मलाच घेतलं, काम तेच, डबे नवे — आन् सांजचं घरी जाते. मीठ घातलं का न्हाई ते खाताना कळत न्हाई. थंडीत पाण्यात हात घालून घालून हात बधिर व्हतो ना, तसं. हात हाय, हलतोय, काम करतोय. आपला वाटत न्हाई, एवढंच. त्याला काय रडायचं.

कसं झालं म्हणता? सांगण्यासारखं काय न्हाई त्यात. ह्या खिंडीतली हीर आटली, रोपं वाळायला लागली, मंग पाणी तळ्यातनंच आणायचं. कावड घेतली, दोन पत्र्याचे डबे, आन् त्या दगडाच्या वाटेनं गेले. जाताना डबे रिकामे. जाताना धरलं. येताना भरलेले. येताना न्हाई धरलं. मांड्यापातूर खाली गेले, कावड पुढं कलली, मानंवर आली आन् तोंड गाळात. पाणी वंजळभर असंल तिथं. वंजळभर पाण्यात एवढं मोठं माणूस मरतंय, हे मला मालूम नव्हतं. गुंडप्पाला दुपारच्याला दिसलं. कशानं दिसलं, तर शेळ्यानं. डबे सांडलते, ते पाणी खळग्यात साचलं व्हतं आन् शेळ्या त्येंच्या भवतीनं उभ्या राहून पाणी पीत व्हत्या. दहा-पंधरा शेळ्या. एकीचंबी खूर खाली गेलं नव्हतं. हे गुंडप्पानं सांगितलं, मी न्हाई बघितलं. मी आले तवा बाज टाकली व्हती, फळ्या टाकल्या व्हत्या, वढून काढत व्हते. आमच्यात जाळत न्हाईत सर, बसवून पुरतेत. मेलेल्या माणसाला बसवायला लई तकलीफ असती, अंग ताठतंय. जंगमस्वामी आले, बघितलं, म्हणले, ह्याला बसवायची गरज न्हाई, बसलेलाच हाय. चांगल्यासाठीच म्हणले ते. आन् डाव्या हातात लिंग द्यायचं असतंय, जलमल्यापासनं गळ्यात असतंय ते, तर गळ्यात दोराच नव्हता. गाळात राहिलं. स्वामींनी दुसरं दिलं. दुसऱ्याचं लिंग हातात घेऊन बसलेत ते, तिकडं, सुबाभळीच्या मागं. तुम्ही जाताना दिसंल, दगडी वटा हाय.

— काय म्हणलात? न्हाई, म्हणा म्हणा. जुना जाणता वॉचर, पंधरा वर्षं ह्या काठानं फिरलेला, त्यानं अशा जागी दगड टाकलेच कसे. तुम्हीच न्हाई, सगळ्यांनीच इचारलं. जमादारानं लिहून घेतलं, मयतानं आपल्या हातानं टाकलेल्या दगडाच्या वाटेनं जाताना अंदाज चुकला. वाचून दाखवलं मला. आन् अंगठा घेतला. अंदाज चुकला. सर, त्या माणसाचा अंदाज कवाच चुकला न्हाई. ढग बघून सांगायचे, ह्यात पाणी न्हाई. दोन वर्षं सांगितलं आन् दोन वर्षं खरं झालं. गावातली माणसं अजून म्हणतेत, सिद्धराम सोताच्या चुकीनं गेला, आन् मी भाकरी थापत ऐकते. आइकून घेते. त्येंनी — त्येंनी न्हाई टाकले ते.

पाणी घेणार का अजून? माठात हाय. घ्या.

मी टाकले. आता निघालंच तोंडातनं. बरं, निघालं तर निघालं, तुम्ही परके माणूस, आइतवारनंतर पुन्हा थोडेच येणार. आइका मंग. नव्या जिल्ह्याला नवा साहेब आलता, पलीकडच्या काठाला. नव्या साहेबाला कायतरी नवं करावं लागतंय. त्यानं तिकडनं दुर्बिणीतनं ही सोंड बघितली म्हणं, आन् म्हणला, हितं लोकांनी फिरायला यायला पाह्यजे, रानातनं जायचं आन् काठानं यायचं. तुमच्यासारखंच बोलला. सोंड नांदेडात, साहेब लातूरचा — पर दोन्हीकडचं खातं एकच म्हणून आमच्या सायबाचा निरोप आला मालकाला, उद्या दहाला साहेब नावेतनं येणार, चालत फिरणार, काठानं चुन्याचे दगड टाकून वाट करून ठेव. उद्या दहाला. आन् मालकाला ताप. दोन दिवसापासनं अंथरुणात. मला म्हणले, तू टाक. पर काठापासनं वर धरून टाक, हिवराच्या झाडांच्या वरनं, तिथं मुरूम हाय. खाली उतरू नको. पाय टाकून बघ आन् मंगच दगड ठेव. नीट सांगितलं. दोनदा सांगितलं.

वरनं टाकायचं तर दगड खालनं वर वाहून न्यायचे. दगड कुठले, तर आमच्या जुन्या गावच्या भिंतीचे, तिथंच तर हायत पडलेले, गाळाच्या कडंला. दिवसभर रोपांला पाणी घातलं व्हतं. सोमवार व्हता, उपास. पाटी भरायची, चढायचं, ठेवायचं, उतरायचं. कोणासाठी, तर सायबाला हवा खायला. दोन दगड नेले वर आन् बसले. बसल्या जागेवरनं बघितलं तर खाली गाळावर शेळ्यांची खुरं उमटलेली, सरळ एका रेघंत, हितनं तिथवर. आमच्यात म्हणतेत सर, म्हशीच्या मागं जाऊ ने, शेळीच्या मागं डोळे झाकून जावं. शेळी पाण्याला भेती. वल्ल्यात पाय देत न्हाई. लहानपणापासनं आइकलेलं, आमची आईबी चालायची तशी. मी म्हणलं, शेळीला कळतंय ते मला कळतंय का. दोन्ही दगड खाली आणले आन् खुरं धरून टाकत गेले. चांगलं धरत व्हतं. टणक लागत व्हतं. वीस दगड सोता पाय टाकून, दाबून बघून ठेवले. शेळी केवढी असती सर — पंधरा किलो, वीस किलो. हे त्या टायमाला डोक्यात आलं न्हाई. म्हणणाऱ्यांनी म्हणून ठेवलं, त्येंच्यातबी कोणी शेळीचं वजन सांगितलं न्हाई.

वीस म्हणले मी. हाव. सहा राहिले. ते सांगते. दिवस कलला व्हता, उपासानं डोळ्यापुढं पिवळं दिसत व्हतं. पुढं खुरं दिसत व्हती, तशीच, सरळ. मी जाग्यावरच उभी राहिले आन् सहाबी दगड लांबून फेकले. नारळाएवढे दगड, फेकले तसे पडले, बरोबर खुरांच्या बाजूला. नेम चांगला हाय माझा, बोरं पाडायची सवय. चुना आधीच लावलेला व्हता. लांबून बघितलं तर वाट सरळ दिसत व्हती, कोणाला कळणार न्हाई की कुठवर चालले आन् कुठनं फेकले. आन् घरी गेले. मालक अंथरुणातनं उठून बसले व्हते. इचारलं, टाकलेस? म्हणलं, टाकले. म्हणले, पाय टाकून बघितलीस ना सगळी वाट? मी म्हणलं, हाव.

एवढंच म्हणलं. हाव.

साहेब आलाच न्हाई. दहा वाजले, बारा वाजले, मंग निरोप आला की त्येंची बैठक निघाली. मालकाचा ताप उतरला व्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कावड काढली. म्हणले, सायबाचं जाऊ दे, आपल्याला वाट झाली, पाणी जवळ पडंल, तू लई चांगलं काम केलंस. जाताना बघितलंच असंल त्येंनी की दगड खालनं हायत. न्हाई बघितलं आसं व्हईल का, ते माणूस मुंगीची वाट बघून चालायचं. बघितलं असंल, आन् म्हणलं असंल, हिनं पाय टाकून बघितलंय. कशाचा भरोसा धरला त्येंनी — दगडाचा न्हाई, चुन्याचा न्हाई. त्या हावचा. मी हितं ह्याच पोत्यावर बसून पिशव्यांत माती भरत व्हते. मला हाकबी आली न्हाई. वाऱ्याचं अंग तिकडचं व्हतं. हाक मारली असंल का, त्येचा मी इचार करत न्हाई.

जमादारानं इचारलं, दगड कोणी टाकले. कोणीतरी बोललं, वॉचरनंच टाकले असतील, दुसरं कोण टाकणार. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथंच व्हते, पदर तोंडावर घेऊन. तोंड उघडायचंच व्हतं, एक शब्द. न्हाई उघडलं. आज उघडीन, उद्या उघडीन. मंग तेराव्याला सासरे — थकलेले हायत, डोळ्यानं दिसत न्हाई — ते म्हणले, पोरगं सोताच्या चुकीनं गेलं, कोणाला बोल लावायचा न्हाई. त्येंला तेवढाच आधार. मी ते कसं काढून घेऊ. काढून घ्यायला पाह्यजे व्हतं. पोराची चूक नव्हती हे बापाला कळायला पाह्यजे ना? पाह्यजे. मी भाकरी वाढली त्येंला.

ते दगड का ठेवलेत म्हणता, वर्ष झालं तरी. उचलायला गेले तर लोक इचारतील. न्हाई — तसं न्हाई. तुम्ही काय बघून राहिलात तिकडं? चुना? चुना ताजा दिसतोय. तुमची नजर बारीक हाय सर. मला वाटलं, शिकलेल्या माणसाला पुस्तकातलंच दिसतंय. पाऊस न्हाई म्हणून राहिला म्हणलं असतं, पर वारा हाय, आन् शेळ्या चुना चाटतेत. मीच लावते. दर अमावस्येला. लोकांला सांगते, मालकाचं लिंग सापडतंय का बघायला जाते. त्येंला पटतंय, लिंग गाळात राहिलं हे सगळ्यांला मालूम हाय, कोणी आडवत न्हाई. गुंडप्पा तर म्हणतो, वैनी, तुमच्या भक्तीनं सापडंल एक दिवस. सापडलं तर बरंच व्हईल. पर मी त्याच्यासाठी जात न्हाई.

दोन घागरी नेते. रिकाम्या नेते, टोकाला भरून घेते, एक डोक्यावर, एक काखंला, आन् त्याच दगडांनी माघारी येते. वीस आन् सहा. त्या सहातल्या, शेवटनं तिसऱ्या दगडापाशी ती जागा हाय. तिथं थांबते. पाय रोवून उभी राहते. घागरी भरलेल्या. म्हणते, घे आता. न्हाई घेत. बारा अमावस्या झाल्या. कुरकुर वाजतंय, जरासं दबतंय, घोट्यापातूर जातंय, आन् धरतंय. त्येंला न्हाई धरलं, मला धरतंय. म्हशीला न्हाई धरत, मला धरतंय. मी शेळी हाय का काय. मंग पाणी हितं आणते, रोपांला घालते. वाया कशाला घालवायचं.

न्हाई, घाबरू नका. मला काय व्हत न्हाई, आत्ताच तर सांगितलं. आन् चुना का लावते, तर रेघ चुकू ने म्हणून. दुसरीकडनं गेलं तर त्याला अर्थ न्हाई. तीच वाट पाह्यजे, जशी टाकली तशी. हे येडेपणाचं हाय, मला कळतंय. पर आजपातूर हे कळलं न्हाई की पांढरा चुना दुसऱ्यालाबी दिसतोय. मी माझ्यापुरताच लावत व्हते. तुम्ही खिंडीतनं बघितलं आन् म्हणलात, वाट आखलेली हाय — तवा त्या बधिर हाताला पहिल्यांदा कायतरी लागलं. वर्षात पहिल्यांदा. चाळीस म्हणलात ना? त्यात पोरी किती? सतरा. आन् सगळ्या त्या दगडांकडं बघून चालणार. मोठ्या माणसानं दगड ठेवलाय, पाय टाकून बघितलं असंल.

तो कागद काढा सर. नकाशा म्हणलात तो. ह्यात खालची वाट कंची? ही, तुटक रेघ. खोडा. पेन हाय ना खिशाला, खोडा माझ्यासमोर. अजून. दिसू ने आसं खोडा. गोल नसंल व्हत तर न होऊ दे, पोरं कटाळली तर कटाळू दे, कटाळून घरी जातील. आन् हापिसात गेलात तर सांगा, दगड सिद्धरामनं टाकलेले नव्हते. हाव, घेतलं नाव. घेतलं तर घेतलं. त्येंच्या बायकोनं टाकले, आन् पाय टाकून बघितले नव्हते. आसंच सांगा. लिहून घेतील तर लिहू द्या, अंगठा द्यायला मी येते. सासऱ्याला मी आज सांजचं सांगते. भाकरी वाढायच्या आधी.

उठा आता. दगड? दगड आज उचलते, आइतवारपातूर कशाला थांबायचं. तुम्ही न्हाई — तुम्ही कशाला, तुमचं वजन किती हाय, बघून घ्या सोताकडं. मला धरतंय ते मालूम हाय. पाटीत दोन दोनच आणते, तेरा खेपा व्हतील. घागरी हितंच ठेवते, ह्या बघा, पालथ्या घातल्या. आन् आसं उभं राहू नका माझ्यासाठी. पाणी आणायला गेलेलं माणूस तिकडंच राहिलं तर राहिलं, पर दगड माघारी आणायचे म्हंजे तेरा बार माघारी यावंच लागतंय. जावा. वरच्या वाटेनं एकदा फिरून बघा, पोरांला दाखवायची ना, आन् वट्यापाशी थांबू नका, लई येळ जाईल. पाचाची येष्टी हाय, ती चुकली तर मंग न्हाई.